निव्वळ वजन

वेंगुर्ल्याच्या मासळी बाजारात, सकाळी साडेआठला,
मी शेवंती गिरपचा काटा जप्त केला नाही,
फक्त पावती फाडली. किलोमागे वीस ग्रॅम कमी.
काट्याच्या पायाखाली शिंपल्याचा तुकडा होता,
मुद्दाम की चुकून, हे लिहायला
आमच्या नमुन्यात रकाना नाही.

तिने खवल्यांच्या हाताने पैसे मोजले, दोनदा.
मग म्हणाली,
"साहेबानू, माजो काटो चुकलो, तुमी दंड घेतलात, बरां केलात.
माज्या चेडवाचे बेचाळीस हजार घेतल्यानी तीन दिसांत.
थयसर काटो कोण तपासता?"

मी हसलो. मग हसू पुरेना.

चेडू म्हणजे प्रणिता. काजू कारखान्यात प्रतवारीला.
दोनशे चाळीस, तीनशे वीस, तुकडा, पाकळी,
गर नजरेनेच वेगळा करणारी.
साखळी पतपेढीत ठेवून ती शिरोड्याला गेली,
सुरूच्या बनामागच्या हॉलात, 'आतला सूर्य' शिबिराला.
तिसऱ्या रात्री निखाऱ्यांवरून चालली.
परतल्यावर पंधरा दिवस आरशाला ओरडून सांगायची
की ती कोट्यधीश आहे.
तळपायाचा फोड भरेना, तेव्हा शिबिराचा माणूस फोनवर म्हणाला,
फोड म्हणजे विश्वास कमी पडला.
त्यानंतर त्याचा फोन लागत नाही.

मी करारपत्र वाचलं. आठवी अट, मुंगीएवढ्या अक्षरांत:
परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात.
बांगड्यांच्या टोपलीवर असं कुणाला लिहू दिलं असतं मी?
वजन गिऱ्हाइकानुसार बदलू शकतं.

पोलीस म्हणाले, ती सज्ञान आहे.
ग्राहक आयोगातला कारकून म्हणाला, बिल आणा.
बिलावर लिहिलं होतं, ऐच्छिक ऊर्जा-योगदान.

खोटं कशाला सांगू,
गेल्या मार्चमध्ये खात्यानेच आम्हाला ओरोसला बसवलं होतं
अशाच एका माणसासमोर. ताणमुक्ती, एक दिवस, जेवण मोफत.
तो म्हणाला, शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघा.
शेजारी सावंतवाडीचे धुरी, निवृत्तीला चार महिने.
ते रडले. मीही.
अभिप्रायाच्या कागदावर मी 'उत्तम'वर खूण केली.
ते रडणं किती ग्रॅमचं होतं
मला आजही सांगता येत नाही.

रविवारी प्रमाण वजनांची पेटी घेऊन शिरोड्याला गेलो,
पितळेची, पन्नास ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत,
कशाला, ते माझं मलाच माहीत नव्हतं.
मंचावरचा म्हणत होता, "स्वतःला कमी मोजू नका."
तीनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या.
दाराशी टेबलावर 'सूर्यचूर्ण', नऊशे रुपये.
पाकीट उलटलं. निव्वळ वजन नाही. पत्ता नाही. तारीख नाही.
एवढंच माझ्या कायद्यात बसत होतं, एवढंच लिहिलं.
पंच दोन: हॉलचा वॉचमन आणि एक कुल्फीवाला.
साहेबांनी सही केली, माझा हात दोन्ही हातांत धरला,
म्हणाले, "तुमच्यात खूप राग आहे. त्यावर काम करू या."
दंड दुसऱ्या दिवशी त्यांच्या माणसाने भरला.
एका पाकिटापेक्षा थोडा जास्त, दहा पाकिटांपेक्षा कमी.

महिन्याने बाजारात पुन्हा फेरी.
शेवंतीचा काटा शून्यावर शून्य.
मी शिक्का बघत होतो तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं,
चष्मेवाली, शाळेतली असावी.
किलोभर पेडवे घालून झाल्यावर शेवंतीने वर एक बांगडा टाकला.
"ह्यो कित्याक?"
"मागल्या म्हयन्यात तुका कमी इला. तेचो ह्यो."

मी वहीत काही लिहिलं नाही.
मागे प्रणिता बर्फ फोडत होती,
डाव्या पायावर सगळा भार देऊन.